दूर राहणाऱ्या आई-वडिलांपर्यंत स्पर्श पोहोचवताना : साधनांची निवड, जोडणी आणि वापर

परदेशी राहणाऱ्या मुलांचा आवाज आणि चेहरा आता रोज घरी येतो. येत नाही तो हात. निरोप घेताना पाठीवरून फिरणारा हात किंवा नमस्काराला वाकल्यावर डोक्यावर टेकणारा तळवा यांची जागा व्हिडिओ कॉल घेऊ शकत नाही, आणि ही उणीव दोन्हीकडच्या माणसांना जाणवत असली तरी ती बोलून दाखवण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. ती थोडीफार भरून काढू पाहणारी साधने गेल्या काही वर्षांत बाजारात आली आहेत : एकाने आपल्या मनगटावरच्या पट्ट्याला बोट लावले की दुसऱ्याच्या मनगटावर कंपन उमटवणारे जोडपट्टे, एका घरी हात ठेवला की दुसऱ्या घरी उजळणारे दिवे, हृदयाचे ठोके पाठवणारी घड्याळे. ज्या कुटुंबांत आई-वडील साताऱ्याला, नाशिकला किंवा पणजीला आहेत आणि मुले न्यू जर्सी, म्युनिक किंवा दुबईला, अशा कुटुंबांनी या साधनांचा उपयोग कसा करावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

या साधनांविषयी माझे एक ठाम मत आहे आणि पुढचे सारे मार्गदर्शन त्यावर उभे आहे. आधी दोन माणसांनी संकेत ठरवावा आणि मगच साधन विकत घ्यावे. बहुतेक घरांत हे उलट क्रमाने होते. मुलगा सुट्टीवर येताना पट्ट्यांची जोडी घेऊन येतो, दोन दिवस कौतुक होते, आणि तो परत गेल्यावर पट्टा कपाटात जातो, कारण मनगटावर थरथरले म्हणजे नेमके काय समजायचे हे कोणी कोणाला सांगितलेलेच नसते.

साधन नेमके काय पोहोचवते

त्वचेत निरनिराळ्या प्रकारचे संवेदक असतात आणि त्यांची कामे वेगळी असतात. कंपन टिपण्याचे काम प्रामुख्याने त्वचेच्या खोल थरातील पॅसिनियन कणिका करतात. सेकंदाला सुमारे २०० ते ३०० आवर्तनांच्या कंपनाला त्या सर्वाधिक संवेदनशील असतात, आणि म्हणूनच फोनमधली इवलीशी मोटरही आपल्याला चटकन जाणवते. मायेने हात फिरवल्याची जाणीव मात्र वेगळ्या वाटेने मेंदूकडे जाते. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातावर किंवा पाठीवर, जिथे बारीक लव असते अशा त्वचेत, सी-टॅक्टाइल नावाचे मंदगती चेतातंतू असतात आणि सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या, त्वचेइतक्याच उबदार, हलक्या स्पर्शाला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. आज घरोघरी परवडणाऱ्या कोणत्याही पट्ट्यात किंवा घड्याळात असा संथ, उबदार स्पर्श निर्माण करण्याची सोय नाही. स्पर्शाची जाणीव पेशींच्या पातळीवर कशी सुरू होते, याचा उलगडाही तसा अलीकडचाच आहे. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयत्न मात्र जुने आहेत. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये १९९७ च्या सुमारास ‘इनटच’ नावाचे उपकरण तयार झाले होते. त्यात दोन ठिकाणी तीन-तीन रूळ बसवलेले असत. एका ठिकाणचा रूळ हाताने फिरवला की दुसऱ्या ठिकाणचा तसाच फिरे, आणि दोघांनी एकाच वेळी हात ठेवला तर एकमेकांचा जोर एकमेकांना जाणवे. लंडनच्या क्यूटसर्किट या संस्थेने मिठीचा दाब पाठवणारा सदरा तयार केला. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी, पालकाने बाहुलीला मिठी मारली की दूर असलेल्या मुलाच्या अंगातील पोशाख हवेने फुगून त्याला कवटाळेल, अशी रचना करून दाखवली. या कल्पना सुंदर होत्या, पण त्यांना लागणारे हवेचे पंप, नळ्या आणि विशेष कपडे रोजच्या वापरात टिकणारे नव्हते. म्हणून बाजारात उरली ती कंपन आणि प्रकाश यांवर चालणारी साधने.

याचा व्यवहारातील अर्थ असा की साधन प्रत्यक्ष स्पर्श पोहोचवत नाही, ‘या क्षणी मी तुझी आठवण काढली’ एवढी खूण अंगावर उमटवते. तेवढ्याचीच अपेक्षा ठेवली तर ते पुष्कळ देते. मिठीची अपेक्षा ठेवली तर पहिल्याच आठवड्यात निराशा होते आणि तिचा दोष माणसांवर येतो, हे अधिक वाईट.

पहिली पायरी : संकेत ठरवणे

हे काम फोनवर घाईने उरकू नये. शक्य असल्यास प्रत्यक्ष भेटीत, नाहीतर निवांत कॉलवर, दोघांनी मिळून करावे. आई आणि वडील यांच्याशी वेगवेगळे बोलावे, कारण दोघांना हवे असते ते सारखे असेलच असे नाही. वडिलांना कदाचित मुलगी कामावरून सुखरूप घरी पोहोचल्याची खूण पुरेशी वाटेल, आणि आईला सकाळी देवापाशी दिवा लावताना नातवाचा हात जाणवावा असे वाटत असेल.

संकेत तीनपेक्षा अधिक ठेवू नयेत. एक लांब दाब म्हणजे ‘आठवण आली’, दोन छोटे ठोके म्हणजे ‘घरी पोहोचलो’, आणि तीन छोटे ठोके म्हणजे ‘सवडीने फोन कर’ एवढे पुरते. यापुढे गेल्यास वयस्कर माणसाला ठोके मोजत बसावे लागते आणि चुकल्याची धास्ती वाटू लागते. पहिला संकेत सर्वांत सोपा ठेवावा, कारण महिन्याभरानंतर बहुतेक घरांत तोच एक वापरात राहतो, आणि त्यात काही वावगे नाही.

उत्तराचा प्रश्न याच वेळी मिटवावा. ‘खूण आली तर उलट खूण पाठवलीच पाहिजे असे नाही’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी स्पष्ट शब्दांत बोलून घेणे फार महत्त्वाचे आहे. तसे केले नाही तर मुलगी बैठकीत असताना मनगट थरथरते, ती उत्तर देऊ शकत नाही, आणि इकडे आई घड्याळाकडे पाहत बसते. मायेसाठी घेतलेले साधन अशा रीतीने हजेरीचे साधन होते. नवरा बोटीवर आणि बायको रत्नागिरीला अशा जोडप्यांत हा धोका अधिक असतो, कारण जहाजावरची इंटरनेटची सोय तुटक असते आणि खूण तासन्‌तास अडकून राहू शकते. तिथे ‘उशीर झाला तर काहीही अर्थ काढायचा नाही’ असा स्वतंत्र करार करावा. लष्करात असलेल्यांनी अशी जोडलेली साधने आपल्या ठिकाणी चालतात का, हे आधी विचारून घ्यावे.

त्याचबरोबर हेही पक्के करावे की आजारपण, पडणे, छातीत दुखणे अशा तातडीच्या प्रसंगी या साधनावर विसंबायचे नाही. ते इंटरनेट, फोन, ब्लूटूथ आणि कंपनीचा सर्व्हर या साऱ्यांवर अवलंबून असते आणि यांपैकी एक दुवा निखळला तरी खूण पोहोचत नाही. तातडीसाठी फोन, शेजारी आणि ११२ हा क्रमांक.

शेवटी वेळ. भारतातील घड्याळ वर्षभर एकच असते, पण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हे बदल मार्च आणि ऑक्टोबर यांच्या शेवटच्या रविवारी होतात. त्यामुळे पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. दुबई वर्षभर भारताच्या दीड तास मागे असते, म्हणून तिथल्यांना ही अडचण नाही. ठरलेल्या वेळेची खूण हवी असेल तर ती आई-वडिलांच्या घड्याळाला बांधावी आणि वर्षातून दोनदा होणारा बदल मुलांनी सांभाळावा. मला ही वाटणी न्याय्य वाटते, कारण फोनमध्ये दोन शहरांची घड्याळे लावून ठेवणे मुलांना सहज जमते.

दुसरी पायरी : हातातल्या फोनवर करून पाहणे

ठरलेला संकेत पैसे न खर्चता तपासून पाहण्याचे उपाय आहेत आणि किमान दोन-तीन आठवडे तेच वापरावेत.

आयफोन असल्यास एखाद्या व्यक्तीसाठी स्वतःचे कंपन तयार करता येते. संपर्कयादीत त्या व्यक्तीचे नाव उघडावे, ‘एडिट’ दाबावे, ‘रिंगटोन’ किंवा ‘टेक्स्ट टोन’मध्ये जाऊन ‘हॅप्टिक्स’ (जुन्या फोनवर ‘व्हायब्रेशन’) निवडावे आणि ‘क्रिएट न्यू व्हायब्रेशन’ वर जाऊन पडद्यावर बोटाने ताल द्यावा. दिलेला ताल जसाच्या तसा नोंदला जातो. हा ताल पाठवणाऱ्याने स्वतः दिला तर त्याला वेगळेच मोल येते. भेटीला आलेल्या मुलीने आईच्या फोनवर आपल्या बोटाने ताल नोंदवून ठेवला की पुढे तिचा प्रत्येक फोन त्याच तालात थरथरतो.

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा आधार घेता येतो. त्या व्यक्तीचा संवाद उघडून वरच्या नावावर टिचकी द्यावी, सूचनांच्या मांडणीत जाऊन त्या व्यक्तीपुरते कंपन ‘लाँग’ करावे आणि बाकीच्यांचे ‘शॉर्ट’ किंवा बंद ठेवावे. मग मुलाने केवळ एक टिंब पाठवले तरी खिशातला फोन वेगळ्या रीतीने थरथरतो आणि वाचण्यासाठी चष्मा शोधावा लागत नाही. हाताशी स्वस्तातले स्मार्टवॉच असेल, तर त्याच्या ॲपमध्ये इतर सर्व सूचना बंद करून फक्त व्हॉट्सॲप चालू ठेवावे; गटांमधल्या सुप्रभातांच्या संदेशांनी मनगट दिवसभर थरथरत राहिले तर आपल्या माणसाची खूण त्यात हरवते, म्हणून ते गट व्हॉट्सॲपमध्येच ‘म्यूट’ करावेत.

दोन्हीकडे ॲपलची साधने असल्यास ‘मेसेजेस’मधील ‘डिजिटल टच’ वापरता येते. हे २०१५ मध्ये ॲपल वॉचबरोबर आले आणि २०१६ पासून आयफोनवरही मिळू लागले. पडद्यावर एका बोटाने टिचक्या दिल्या तर त्याच लयीत टिचक्या जातात, दोन बोटे टेकवून सोडली तर चुंबनाची खूण जाते आणि दोन बोटे टेकवून धरली तर हृदयाचे ठोके जातात. पाठवणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ असेल तर ठोक्यांसाठी त्याच्या हृदयगतीची नोंद वापरली जाऊ शकते. एक सावधगिरी इथेच सांगतो : ठोके पाठवताना धरलेली बोटे तशीच खाली ओढली तर हृदय दुभंगल्याचे चित्र जाते. थरथरत्या हातांच्या माणसाकडून हे सहज घडू शकते, तेव्हा असे चित्र आले तर घाबरू नये, हे दोन्हीकडे सांगून ठेवावे.

या चाचणीच्या काळात एकच गोष्ट पाहायची. खूण आल्यावर समोरच्याला बरे वाटते की ‘काय झाले?’ असा फोन येतो? दुसरे घडत असेल तर संकेत अजून रुळलेला नाही आणि नवे साधन घेऊन तो रुळणार नाही.

तिसरी पायरी : कोणाला काय मानवेल

मनगटी जोडपट्टे दोन सवयीच्या फोनधारकांसाठी उत्तम आहेत. बॉन्ड टच हे त्यांतले परिचित उदाहरण. पट्ट्याला बोट लावले की खूण ब्लूटूथने आपल्या फोनकडे, तिथून इंटरनेटने दुसऱ्या फोनकडे आणि मग पुन्हा ब्लूटूथने दुसऱ्या पट्ट्याकडे जाते. पट्टा थरथरतो आणि त्यावरचा ठिपका उजळतो. म्हणजे दोन्ही फोन चालू, इंटरनेटला जोडलेले आणि पट्ट्याच्या जवळ असावे लागतात. फोन दिवाणखान्यात चार्जिंगला आणि आई मागच्या अंगणात अशी स्थिती असलेल्या घरात हा पट्टा बहुतेक वेळ मुका राहतो.

पट्टा निवडताना मनगटाचा विचार करावा. हातात बांगड्या असल्या तर पट्टा सारखा वर सरकतो, अडकतो आणि कंपनही नीट लागत नाही. कणीक मळताना आणि भांडी घासताना तो काढून ठेवावा लागतो व पुन्हा घालायचा राहून जातो. अशा वेळी पट्ट्याचा आग्रह धरू नये. वयानुसार कंपनाची जाणीव मंदावते आणि दीर्घकाळच्या मधुमेहात चेतातंतूंना इजा झालेली असल्यास ती आणखी कमी होते, ही बाबही आधी तपासावी : फोन कंपनावर ठेवून मनगटाला टेकवावा आणि डोळे मिटून ते जाणवते का, हे विचारावे. पेसमेकर बसवलेला असल्यास चुंबक असलेले पट्टे, चार्जर आणि फोन छातीपासून १५ सेंटिमीटरपेक्षा (वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटरपेक्षा) दूर ठेवावेत आणि नवे साधन वापरण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

सत्तरीपुढच्या आई-वडिलांसाठी माझी पसंती स्पर्शदिव्याला आहे. तो भिंतीवरच्या वायफायला थेट जोडला जातो, त्याला फोन फक्त पहिल्या जोडणीपुरता लागतो, अंगावर काही घालावे लागत नाही आणि चार्जिंग विसरण्याचा प्रश्न नाही. न्यू जर्सीत नातीने दिव्यावर हात ठेवला की नाशिकच्या बैठकीत दिवा तिच्या रंगात उजळतो आणि बऱ्याच प्रकारांत तो काही वेळ तसाच राहून हळूहळू मंदावतो. आजी त्या क्षणी स्वयंपाकघरात असली तरी बाहेर आल्यावर तिला तो दिसतो, हा याचा मोठा गुण आहे. कंपन चुकले की चुकले, प्रकाश मात्र वाट पाहत थांबतो. शिवाय एकाच गटात तीन-चार घरे जोडता येणारे दिवेही मिळतात, म्हणजे दोन भावंडे दोन देशांत असली तरी आई-वडिलांना एकच दिवा पुरतो आणि रंगावरून कोण ते कळते.

दिवा ठेवायची जागा रोज जाता-येता दिसणारी असावी. देवघराजवळ ठेवायचा असल्यास तेलाच्या समईपासून पुरेसा दूर ठेवावा. निजायच्या खोलीत ठेवू नये; तिकडच्या दुपारी नातवाने खेळत खेळत हात लावला तर इकडे मध्यरात्री खोली उजळून निघते.

लहान मुलांच्या हाती पट्टे देताना त्यांत नाण्याच्या आकाराची बटण-बॅटरी नाही ना, हे पाहावे. ती गिळली गेल्यास अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते.

चौथी पायरी : खरेदी आणि पोहोचवणे

परदेशातून पट्टा किंवा दिवा टपालाने भेट म्हणून भारतात पाठवण्याचा विचार असेल तर थांबावे. २०१९ च्या अखेरीस केंद्र सरकारने टपाल-कुरिअरने भेटवस्तू म्हणून करमुक्त वस्तू मागवण्याची सवलत बंद केली. अपवाद ठेवले ते जीवरक्षक औषधे आणि राखी यांचे. पूर्ण जकात भरून वस्तू येऊ शकते, पण जकात आणि कागदपत्रे यांचा त्रास वस्तू स्वीकारणाऱ्या आई-वडिलांच्या वाट्याला येतो. त्यापेक्षा जोडीतील एक नग येणाऱ्या माणसाबरोबर द्यावा, किंवा मुलांनी भारतात येऊन दोन्ही नग इथे जोडून एक परत न्यावा. हा दुसरा मार्ग सर्वांत चांगला, कारण जोडणी समोरासमोर होते.

दिवा यूएसबीवर चालणारा घ्यावा. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि भारतात २३० व्होल्ट वीज असते. केवळ अमेरिकी विजेसाठी बनवलेला दिवा इथे थेट लावला तर जळू शकतो. यूएसबीचा दिवा घरातल्या कोणत्याही चांगल्या फोन-चार्जरवर चालतो.

विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात. दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी आहे का, आणि कंपनीने सर्व्हर बंद केला तर साधन चालेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. ते कळून घेतले तर काही वर्षांनी दिवा बंद पडल्यास, आपल्याकडून काही बिघडले असे आई-वडिलांना वाटणार नाही.

पाचवी पायरी : जोडणी

बहुतेक स्पर्शदिवे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. अलीकडचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ही दोन्ही जाळी एकाच नावाने दाखवतात आणि दिवा जोडला जात नाही याचे बरेचदा हेच कारण असते. राउटरच्या मांडणीत जाऊन २.४ साठी वेगळे नाव द्यावे आणि दिव्याला तेच दाखवावे. ते जमत नसल्यास इंटरनेट पुरवणाऱ्या केबलवाल्याला ‘टू पॉइंट फोरचे नाव वेगळे करून द्या’ एवढे सांगितले तरी काम होते.

अँड्रॉइड फोनवर जोडपट्ट्याचे ॲप असेल तर परवानग्या काळजीपूर्वक द्याव्यात. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी ‘निअरबाय डिव्हायसेस’ ही परवानगी लागते. त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथ शोधण्यासाठी ‘लोकेशन’ चालू ठेवावे लागते. त्यानंतर बॅटरीच्या मांडणीत त्या ॲपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावे आणि शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करावे. ही पायरी सुटली तर फोन बॅटरी वाचवण्यासाठी पाठीमागे चालणारे ॲप बंद करून टाकतो आणि ‘पहिले दोन दिवस चालले, मग बंद पडले’ अशी तक्रार येते. रात्री मोबाइल डेटा बंद करून झोपण्याची अनेक वडीलधाऱ्यांची सवय असते. ती मोडायला न सांगता, रात्री आलेली खूण सकाळी डेटा चालू केल्यावर उमटते का, हे तपासून घ्यावे आणि त्याप्रमाणे त्यांना सांगावे.

वीज गेली की काय होते, हे मुलांनी निघण्यापूर्वी करून पाहावे. राउटरचा प्लग काढावा, पुन्हा लावावा आणि दिवा आपोआप जोडला जातो का ते पाहावे. ज्या गावांत वीज वारंवार जाते तिथे राउटर आणि दिवा दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत किंवा राउटरसाठी लहान यूपीएस बसवावा.

सर्व झाल्यावर एका जाड कागदावर ठळक मराठी अक्षरांत चार ओळी लिहून दिव्याच्या मागे चिकटवाव्यात : दिवा लागत नसेल तर प्लग काढून दहा मोजून पुन्हा लावणे, तरीही न लागल्यास राउटरचे तसेच करणे, वायफायचे नाव, आणि तरीही अडल्यास शेजारच्या ज्या मुलाला हे येते त्याला बोलावणे. त्या मुलाला हे आधी विचारून ठेवावे. दूरवरून फोनवर ‘आता डावीकडचे बटण दाबा’ असे सांगण्यात दोन्ही बाजूंचा जीव मेटाकुटीला येतो.

घरीच दिवा तयार करायचा असल्यास

ज्यांना सोल्डरिंग आणि थोडे प्रोग्रामिंग येते त्यांनी हे अवश्य करावे, कारण स्वतः बनवलेला दिवा कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. ईएसपी३२ हा छोटा बोर्ड त्यासाठी पुरतो. त्यात वायफाय असते आणि स्पर्श ओळखणाऱ्या पिनाही असतात. पिनेला जोडलेली तांब्याची पट्टी लाकडी खोक्याच्या आतून चिकटवली तर पातळ लाकडावरूनही स्पर्श कळू शकतो. प्रकाशासाठी डब्ल्यूएस२८१२ जातीचे रंगीत एलईडी घ्यावेत. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक एलईडी ६० मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह घेतो, तेव्हा आठ एलईडींसाठी अर्धा ॲम्पिअर लागेल असे धरून त्यांना ५ व्होल्टच्या ॲडॅप्टरवरून थेट वीज द्यावी. कंपनही हवे असल्यास नाण्याच्या आकाराची मोटर थेट पिनेला जोडू नये. पीन तेवढा प्रवाह देऊ शकत नाही, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर आणि उलट्या प्रवाहापासून बचावासाठी डायोड बसवावा. हे सारे सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

दोन दिव्यांमधला निरोप एमक्यूटीटी या हलक्या पद्धतीने पाठवावा. एक दिवा स्पर्श झाल्यावर ठरलेल्या नावाखाली निरोप टाकतो आणि दुसरा त्याच नावाकडे कान लावून असतो. चाचणीसाठी असलेले सार्वजनिक सर्व्हर कोणालाही वाचता येतात, म्हणून कायमच्या वापरासाठी पासवर्ड आणि सुरक्षित जोडणी असलेलाच सर्व्हर घ्यावा. प्रोग्राममध्ये दोन सोयी न विसरता ठेवाव्यात : जोडणी तुटल्यास आपोआप पुन्हा प्रयत्न करणे, आणि घरचे वायफाय बदलल्यास दिव्याने स्वतःचे तात्पुरते जाळे उभारून फोनवरून नवा पासवर्ड विचारणे. दुसरी सोय नसेल तर आई-वडिलांनी इंटरनेटची कंपनी बदलली त्या दिवशी दिवा बंद पडेल आणि पुढच्या भेटीपर्यंत तसाच राहील.

खासगी माहिती आणि मान

हृदयाचे ठोके, ठिकाण आणि दिवसभरातील स्पर्शांच्या वेळा ही सारी माहिती कंपनीकडे जाऊ शकते. ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरत असतानाच’ एवढीच पुरत असेल तर तेवढीच द्यावी, खात्यावर मुलांनी स्वतःचा ई-मेल वापरला असल्यास तसे आई-वडिलांना सांगावे, आणि ॲप हटवायचे ठरल्यास आधी त्यातील खाते पुसावे. नुसते ॲप काढल्याने माहिती पुसली जात नाही.

आणखी एक नाजूक बाब आहे. आई-वडिलांच्या मनगटावर घड्याळ बांधले की त्यांची पावले, झोप आणि हृदयगती पाहण्याचा मोह मुलांना होतो. काळजीपोटी तो होतो हे खरे; पण मायेची खूण म्हणून दिलेल्या वस्तूतून न सांगता नजर ठेवणे त्यांच्या मानाला शोभणारे नाही. प्रकृतीची माहिती हवी असेल तर ती उघडपणे मागावी आणि ‘नको’ म्हटले तर ते ऐकावे. नवरा-बायकोंत तर हे अधिक कसोशीने पाळावे. पट्टा काढून ठेवला याचा जाब विचारण्याची वेळ आली तर तो पट्टा त्याच दिवशी बंद करावा.

सहावी पायरी : काही महिन्यांनी फेरविचार

तीन-चार महिन्यांनी साधन उपयोगी पडते आहे का, हे विचारावे, पण सरळ विचारून खरे उत्तर मिळेलच असे नाही. ‘आवडला का दिवा?’ असे विचारले की आई ‘हो, छान आहे’ असेच म्हणते, कारण मुलाने एवढ्या हौसेने आणलेला असतो. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात दिवा केव्हा लागला होता, तेव्हा तू काय करत होतीस?’ असे विचारावे. तिने लगेच काही सांगितले, अगदी ‘तुझ्या बाबांना दाखवायला हाक मारली’ एवढे जरी, तर तो तिच्या दिवसाचा भाग झाला आहे. आठवावे लागत असेल तर दिव्याची जागा बदलून, रंग बदलून किंवा ठरलेली वेळ तिच्या रिकाम्या वेळेशी जुळवून आणखी महिनाभर पाहावे. तरीही फरक पडला नाही, तर दिवा खुशाल दुसऱ्या कामाला लावावा आणि त्या वेळेला रोज पाच मिनिटांचा फोन करावा. आई-वडिलांनाही तसे आपणहून सांगावे, म्हणजे ते केवळ मुलाचे मन मोडू नये म्हणून रोज दिवा पुसत बसणार नाहीत.